नानांचं कच्चं ताट

आमच्या घरात जेवण म्हणजे चुलीवरून उतरलेलं, बाकी सगळं तोंडी लावणं. काकडी, मुळा, कांदा, गाजर यांची ताटातली जागा ठरलेली होती, डावीकडे मिठाशेजारी, तीही चिमूटभर. हेच डावीकडचं सगळं एक दिवस ताटाच्या मधोमध येईल आणि भाकरी कोपऱ्यात जाऊन बसेल असं कोणी सांगितलं असतं, तर नानांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होते आणि खाण्याचे महाशौकीन. शेवभाजीवर तर्री बोटभर पाहिजे. हिवाळ्यात वांगी भाजून भरीत झालं की त्यावर कच्च्या तेलाची धार सोडायची, आणि मायचा हात जरा आखडला की नाना म्हणायचे, "पडू दे ना वं! तेल का तुन्हा माहेरथाईन उनं?" माय कसली ऐकून घेते. "माहेराहून आलं असतं तं मोजून नसतं टाकलं," म्हणायची. माय जळगावच्या पलीकडल्या पहूरकडची. तिची बोली वेगळी, नानांची अहिराणी वेगळी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघं एकमेकांच्या बोलण्याला हसत असत, आणि शाळेतलं पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मला दोघं मिळून हसत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी अकरावीत होते. त्या हिवाळ्यात डेपोतल्या ड्रायव्हरांची तपासणी झाली आणि नानांची साखर भलतीच वाढलेली निघाली. वजन जास्त, रक्तदाबही जास्त. डॉक्टर भला माणूस होता, पण बोलणं रोखठोक. "गोळ्या देतो. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. संध्याकाळचं जेवण बदला. कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं, दही. हेच पोटभर खायचं, तोंडी लावायला नाही. उन्हाळ्यात परत बघू. साखर उतरली नाही तर स्टिअरिंग सोडावं लागेल. तुमच्या मागं भरलेली गाडी असते."

हे सगळं नानांनी घरी येऊन सांगितलं आणि ते खाटेवर बसून राहिले.

स्टिअरिंग म्हणजे नानांसाठी काय होतं ते बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. माझे आजोबा शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या शेतात राबले. गावातल्या मोठ्या घरी काही निरोप घेऊन गेले की ओट्याच्या खाली, उन्हात उभे राहायचे, वर ये म्हणायची पद्धत नव्हती. पुढे आमच्या घरात बुद्धाची तसबीर आली, नाना शिकले, खाकी कपडे अंगावर चढवले, आणि एक दिवस डेपोनं त्यांना त्याच गावावरून जाणारी गाडी दिली. त्याच ओट्यावरची माणसं रस्त्यात येऊन हात करायची, आणि नाना ब्रेक दाबून त्यांना गाडीत घ्यायचे. नानांनी कधी कुणाचा हात पाहून न पाहिल्यासारखं केलं नाही. उलट म्हातारं माणूस असेल तर नीट चढेपर्यंत थांबायचे. त्यातच त्यांचं सगळं आलं. ते गेलं असतं तर नानांच्या हाती काय राहणार होतं?

मायनं दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. कच्चं खाणं तिला नवीन नव्हतं. तिच्या लहानपणी निंदणीला जाणाऱ्या बाया फडक्यात फक्त भाकरी बांधून न्यायच्या. दुपारी बांधावर बसल्या की शेतातलीच कोवळी मेथी, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात खुडायची, त्यात मीठ, तिखट, दाण्याचा कूट घालून हातानं कुस्करायचं. त्याला घोळाणा म्हणतात. तीच त्यांची भाजी. माय म्हणाली, त्यावर दिवसभर कंबर वाकवून काम होतं, मग तुझ्या नानांना बसून गाडी चालवायला काय धाड भरली?

पहिल्या संध्याकाळी तिनं परातीएवढं ताट भरलं. कोबी, गाजर, मुळा, काकडी बारीक चिरली, मोड आलेली मटकी घातली, मेथीची पानं तोडून टाकली, आणि वरून दही, मीठ कालवून झाकून ठेवलं. नाना ड्यूटीवरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. झाकण काढलं तर काय, मिठानं काकडीला आणि कोबीला पाणी सुटून ताटात नुसतं तळं झालेलं. दही फुटून पांढऱ्या गाठी तरंगत होत्या. नानांनी आधी ताटाकडे पाहिलं आणि मग स्टोव्हकडे. स्टोव्ह थंड होता.

"चूल का बरं पेटनी नही? घरमा मयत व्हयनी का?"

माय म्हणाली, "शुभ बोला की जरा. डाक्टरनं सांगितलं तेच केलं."

"मी लहान व्हतू तवय आमनी माय असाच पाला खावाडे," नाना म्हणाले. "तवय घरमा दाना नव्हता. आते माले पगार शे ना?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. आमच्यात चूल दोनच कारणांनी पेटत नाही. घरातलं माणूस गेलं तर, नाहीतर डब्यात पीठ नसलं तर. नानांनी दोन्ही पाहिलं होतं. ते उठले, पाणी प्यायले आणि तसेच झोपले. ते पाणचट ताट मग मी आणि मायनं संपवलं. टाकून देणं आमच्या घरात पापच होतं. मला नानांचा रागही आला होता. एवढी बाई राबते आणि हे भाव खातात, असं वाटलं, आणि त्यांचं लहानपणही डोळ्यांसमोरून हलेना.

माय मात्र रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिनं विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलं, पाणी निथळायला. भाज्या चिरल्या त्या कोरड्या फडक्यावर पसरून ठेवल्या, मीठ लावलं नाही. आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी नानांच्या चपलेचा आवाज आला तसा तिनं पंप मारून स्टोव्ह पेटवला. आमचा पितळी स्टोव्ह भर्रर्र करून सगळ्या चाळीला ऐकू जायचा. त्यावर तवा ठेवला आणि तव्यावर मूठभर शेंगदाणे.

आमच्याकडे कूट आठवड्याचा एकदाच करून डब्यात भरून ठेवतात. रोज मूठभर दाणे भाजायचे, चोळायचे, पाखडायचे, हे कुणी ऐकलंही नव्हतं. शेजारच्या अक्का म्हणाल्याच, "येडी व्हयनी का तू? डबाभर कूट करी ठेव ना." मायनं नुसतं हसून सोडून दिलं. नानांना घरात आल्या आल्या आगीचा आवाज आणि भाजल्याचा वास पाहिजे होता, तो ती देत होती.

दाणे गरम असतानाच पाट्यावर घ्यायचे, बरोबर लसणाच्या पाकळ्या, हिरवी मिरची, जिरं. वरवंट्याखाली आधी भरड होते, मग ती चिकटायला लागते, आणि थांबलं नाही तर तिचं लोणी होतं. माय थांबायची नाही. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी यायचा तो ती दंडानं पुसायची. ते मऊसूत वाटण फडक्यातल्या चक्क्यात फेटायचं, दुधाचा हबका देऊन सैल करायचं, लिंबू पिळायचं, आणि मीठ अगदी शेवटी. साईसारखं दाट, चमच्यावरून सावकाश ओघळणारं. ते भाज्यांवर ओतून हातानंच खालवर करायचं, म्हणजे प्रत्येक पानाला, प्रत्येक मोडाला लेप बसतो. वर उकडलेल्या अंड्याच्या फोडी, बाजूला चतकोर भाकरी. आता हॉटेलात असल्या ताटाला भारी नाव असतं आणि ड्रेसिंग बाटलीतून येतं. मी चाखून पाहिलंय. त्याला चव असते, पण मनगट दुखल्याशिवाय येणारी चव नसते.

नानांनी त्या संध्याकाळी स्टोव्हकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, आणि बसले. दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "दावं बी आणी ठेव. खाई झाया की बांधी टाक माले गोठामा." पण खाल्लं. माय पदराआड हसली.

घरचं असं जमलं, पण खरी गोम बाहेर होती. लांबच्या गाड्या चहापाण्याला जिथं थांबतात तिथले हॉटेलवाले ड्रायव्हर-कंडक्टरला प्रेमानं खाऊ घालतात, कारण गाडी थांबली तर गिऱ्हाईक येतं. नानांची गाडी दोंडाईच्याला थांबायची. तिथं नानांसाठी गरमागरम भज्यांची ताटली न मागता समोर यायची, वर तळलेल्या मिरच्या. म्हणजे घरी पाला आणि बाहेर भजी! महिन्याभरानं वजन रेसभरही हललं नव्हतं. मायनं धुण्यातला रुमाल हुंगला आणि तिला सगळं कळलं. भांडली नाही. नानांसमोर बसली आणि म्हणाली, "तुमाले गाडी पाहिजे का भजी, ते एकदा सांगून टाका. मंग मी बी पाट्यावर हात मोडत नाही."

नाना म्हणाले, "डबा दे."

डबा देणं सोपं नव्हतं. उन्हं तापायला लागली होती आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनची भट्टी. कालवून दिलं तर दोंडाईचा येईपर्यंत आंबणार. म्हणून भाज्या एका डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि वाटण दुसऱ्या घट्ट झाकणाच्या डबीत. कालवायचं नानांनीच. इथं मायलाही शंका होती. ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं नाही, तो चार ड्रायव्हरांसमोर बसून गाजर-मुळा कालवणार? ते काय त्याला सोडणार आहेत? डबा रोज रिकामा परत यायचा, पण तो कुणी रिकामा केला ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

ते मी डोळ्यांनी पाहिलं. दोंडाईच्याला माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं, मी नानांच्याच गाडीनं गेले. स्टँडवर गाडी लागली, सगळे उतरले, मीही उतरले आणि पिशवी राहिली म्हणून परत वळले. हॉटेलात इतर ड्रायव्हरांची हसाखिदळी चालली होती. कुणीतरी ओरडलं, "नाना, या ना! गरम भजी शेत!" नानांनी खिडकीतून नुसता हात हलवला. ते आपल्या सीटवरच होते. डबा मांडीवर, डबी स्टिअरिंगवर टेकवलेली. डबीतलं वाटण बोटानं निपटून त्यांनी भाज्यांवर घेतलं आणि कालवायला लागले, अगदी सावकाश, मायसारखं खालवर, खालवर. मग खाऊ लागले. भज्यांचा वास माझ्या नाकात येत होता म्हणजे त्यांच्याही येत असणार. त्यांनी एकदाही तिकडे मान वळवली नाही.

मी पिशवी न घेताच मागं सरले. एवढा मोठा, खाकीतला, पोट सुटलेला माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखा एकटा बसून डबा खात होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या नानांना आपण जवळ घ्यावं. आमच्यात तशी रीत नव्हती.

उन्हाळा आला. नानांचा पट्टा आत आत सरकत गेला, मायनं खिळा तापवून त्याला नवी भोकं पाडून दिली. खाकी पँट कमरेत आत घेऊन शिवली. तपासणी झाली आणि डॉक्टर कागद पाहून हसले. साखर उतरली होती, रक्तदाब ताब्यात होता. "शाबास," म्हणाले. "आता डोळे तेवढे दाखवून या, साखरेच्या माणसाचे पाहावे लागतात." डोळ्यांसाठी जळगावला पाठवलं. मायनं डब्यात जास्तीची अंडी घातली. पोरीला सोबत घेऊन जा म्हणाली. आम्ही सहलीला निघाल्यासारखे निघालो.

जळगावच्या डॉक्टरांनी नानांच्या डोळ्यांत औषध टाकलं, अंधाऱ्या खोलीत नेलं, आणि फार वेळ लावला. बाहेर आल्यावर त्यांनी आधी नानांना बसायला सांगितलं. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे डाग पडले होते. साखर आत्ता उतरली, पण ती किती वर्षं गुपचूप वाढलेली होती कोण जाणे, आणि तिनं तिचं काम तेव्हाच केलं होतं. आहे तेवढी नजर टिकवता येईल, डॉक्टर म्हणाले, पण खाण्याचं पथ्य जन्मभर पाळलं तर. गाडी मात्र नाही. उद्यापासूनच नाही.

नानांनी विचारलं, "साहेब, मी पथ्य केलं. सगळं केलं. तरी?"

डॉक्टर म्हणाले, "केलंत म्हणून एवढी तरी राहिली."

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले, प्रवासी म्हणून. औषधानं त्यांचे डोळे पाणावलेले, उन्हाकडे पाहवत नव्हतं म्हणून मिटलेले. पण एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. डोळे मिटून त्यांना रस्ता दिसत होता. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

आम्ही घरात शिरलो तेव्हा मायचं चिरून झालेलं होतं. तिनं नानांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी काय ते सांगितलं. नाना टोपी काढून खाटेवर बसले आणि एकदम मोठ्यानं, कसल्यातरी उसन्या जोमानं म्हणाले, "चाल, आज शेवभाजी कर! तर्री वर येवाले पाहिजे. नि तेल बी सोड चांगलं. आते गाडी गई. आते कोनकरता उपास करू?"

मायनं चिरलेल्या भाज्या ताटात घेतल्या. वाटण घातलं आणि कालवायला बसली. नाना परत ओरडले, "तुले ऐकू नई ये का? गाडी गई म्हनी ऱ्हायनू मी!"

तेव्हा मायनं मान वर केली. तिचे दोन्ही डोळे वाहत होते आणि हात कोपरापर्यंत भरलेले, म्हणून पुसताही येत नव्हते.

"मी का गाडीसाठी पाट्यावर बसत व्हती?" ती म्हणाली. "गाडी सरकारची व्हती, सरकारनं घेतली. मानूस माहा हाये."

नाना तिच्याकडे पाहत राहिले, मला वाटतं पहिल्यांदाच तसं पाहत होते. मग ते खाटेवरून उठले, मोरीजवळ टांगलेलं फडकं ओढलं आणि तिच्यासमोर उकिडवं बसून त्यांनी तिचे डोळे पुसले. माझ्यादेखत. मी तोंड फिरवलं.

डेपोनं त्यांना आत बसून करायचं काम दिलं. ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं, कुरकुर न करता, पण मन लावून कधीच नाही. संध्याकाळी घरी येऊन ते ताट खायचे, आणि मायचं मनगट धरायला लागलं तेव्हा वरवंटा त्यांनीच हातात घेतला. नजर धूसर झाली, पण माणसं ओळखण्याइतकी शेवटपर्यंत राहिली. माझ्या मुलीचं तोंड त्यांनी पाहिलं. माय गेली तेव्हा तिचंही पाहिलं.